सरिता नावाची बाई

तळोजा,
१८ जून २०२४

गीतांजलीताई,

कमळाचा नमस्कार घ्या. जाताना तुम्ही म्हणालात, फोन करायचा नाही, पत्र लिहायचं, तोच तुमचा अभ्यास. म्हणून बसले आहे लिहायला. काना मात्रा चुकला तर हसू नका. जाईला दाखवणार नाही, ती लगेच लाल पेन काढते.

वर्ग बाळाबाईच्या पडवीतच भरतो. तुमच्या जागी श्रुती मॅडम येतात. चांगल्या आहेत, पण सारख्या घड्याळाकडं बघतात. कलबुर्गीच्या बायका येतात, बिहारची ती ठेंगणी येते. ती आता घरमालकाशी मराठीत भांडते. बाळाबाई रोज येऊन मध्येच बसते, तांदूळ निवडते आणि पाटी काही हातात घेत नाही. म्हणते, "माजा आंगठा माजे हातान हाय, तो बरा हाय."

कंपनीत कोळंबी सोलून सोलून बोटं बर्फानं अशी होतात की पेन धरला का नाही तेच कळत नाही. आधी बाळाबाईच्या चुलीपाशी हात शेकते, मग लिहिते. अक्षर वाकडं आलं तर कोळंबीमुळं आलं समजा.

जाई आठवीत गेली. गेल्या वर्षी ह्याच दिवसांत तिच्या लग्नाची साडी घरात आली होती. नणंदेचा मुलगा, तिच्याहून दुप्पट वयाचा. जाईचा बाप नि सासू दोघांनी शब्द देऊन टाकला होता. आम्ही मायलेकी पहाटेच्या एसटीत बसलो नसतो तर आज तिच्या कडेवर पोर असतं. वर्गात तुम्ही 'माझी गोष्ट' सांगायला लावलीत तेव्हा मी विधवा आहे असंच सांगितलं. सगळ्या गेल्यावर थांबून तुम्हाला खरं सांगितलं. नंतर खोली घेताना बाळाबाईला सांगावं लागलं. तुम्ही दोघी सोडून इथं कुणाला माहीत नाही. पत्रात लिहिलं तर चालतं ना? तुम्हाला लिहायचं म्हणून लिहिलं.

तुमची
कमळा

*

पुणे,
५ जुलै २०२४

प्रिय कमळाताई,

तुमचं पत्र मी ऑफिसात सगळ्यांसमोर उघडलं आणि मग वाचता वाचता बाहेर जिन्यात जाऊन बसले. गेल्या वर्षी तुम्ही 'क' गिरवताना पाटी फोडली होती, आठवतं? आणि आता हे अक्षर! पत्रात काहीही लिहा. माझ्याकडे आलेलं माझ्याकडेच राहतं.

इथलं काम वेगळं आहे. बायका नाहीत, पाटी नाही. दिवसभर मोठ्या लोकांना भेटायचं आणि आपले वर्ग का चालले पाहिजेत ते पटवायचं. मला अजून नीट जमत नाही. आमचे सर म्हणतात, "गीतांजली, तू आकडे सांगतेस, माणूस सांगत नाहीस." ऑगस्टमध्ये संस्थेचा मोठा कार्यक्रम आहे. त्यात मला तळोज्याच्या वर्गाबद्दल बोलायचं आहे. वर्गाचे फोटो दाखवू ना? तुमचा एखादा दाखवला तर चालेल?

आईला बेलापूरला भेटायला आले की तळोज्याला येऊन जाईनच. बाळाबाईंना सांगा, त्यांच्या हातची तांदळाची भाकरी पुण्यात कुणाला येत नाही.

तुमची
गीतांजली

*

तळोजा,
२४ जुलै २०२४

गीतांजलीताई,

फोटो पडवीचा दाखवा, पाट्यांचा दाखवा. माझं तोंड नको आणि जाईचं तर अजिबात नको. कारण तुम्हाला माहीतच आहे. माझ्या गावचे लोक पुण्यात फार आहेत.

मागच्या रविवारी बाळाबाई मला नि जाईला बेलापूरजवळच्या दिवाळे गावाला घेऊन गेली, सुकी मासळी आणायला. मेट्रोत मी सगळी स्टेशनं मोठ्यांदा वाचली. लोक बघायला लागले. जाई म्हणाली, "आई, हळू." बाळाबाई म्हणाली, "वाचू दे गो तिला. तिकीट कारलाय आपन." मला मासळीचा वास अजून सोसत नाही. आमच्याकडं कोण खातं? पण जाईनं बोंबील खाल्ला आणि परत मागितला. आता ती इथलीच झाली.

बाळाबाईला मूलबाळ नाही हे तुम्हाला माहीत आहे. ती जाईचे केस विंचरत बसते तेव्हा मी मुद्दाम स्वयंपाकात वेळ लावते.

तुमची
कमळा

*

पुणे,
२ सप्टेंबर २०२४

प्रिय कमळाताई,

कार्यक्रम फार छान झाला! बोलून संपलं तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. एक बाई स्टेजच्या मागे येऊन माझ्या गळ्यात पडून रडल्या. आपल्याला आणखी वर्ग मंजूर झाले, त्यातला एक द्रोणागिरीला, गोदामात काम करणाऱ्यांच्या बायकांसाठी. सरांनी मला पूर्ण विभागाचं काम दिलं आहे.

बोलताना तुम्ही सगळ्या डोळ्यांसमोर होतात. हे यश तळोज्याच्या पडवीचं आहे.

सोबत वर्गासाठी शब्दकोश पाठवते आहे आणि जाईसाठी ड्रेस. माप चुकलं असेल तर श्रुतीला सांगा.

तुमची
गीतांजली

*

तळोजा,
२१ ऑक्टोबर २०२४

ताई,

फोनवर तुमच्याशी रडणंच झालं, बोलणं झालं नाही. तुम्ही मुलांच्या मदतीचा १०९८ नंबर दिलात आणि सोलापूरच्या बालकल्याण समितीतल्या मॅडमना फोन केलात म्हणून लग्न थांबलं. तुमचे उपकार आहेत. कसं झालं ते आता लिहिते.

दसऱ्याच्या आधीचा शुक्रवार होता. मी कंपनीत. जाई शाळेतून बाहेर पडली तर फाटकाशी तिचा बाप आणि नणंदेचा नवरा उभे. बाप म्हणाला, "आजी मरायला टेकली, तुझं नाव घेते." तिनं बापाला दीड वर्षानं बघितलं. पोर रडायला लागली आणि गाडीत बसली. तिच्या मैत्रिणीनं येऊन बाळाबाईला सांगितलं. बाळाबाई तशीच अनवाणी कंपनीच्या गेटवर आली आणि वॉचमनशी भांडून मला बाहेर बोलावलं.

गावात पोचले तेव्हा दारात मांडव होता. आजी खुर्चीत बसून पानं लावत होती. पोलीस आणि त्या मॅडम माझ्याबरोबर होत्या म्हणून मला आत जाता आलं. जाईच्या अंगाला हळद लागली होती. मला बघून ती हलली नाही. मी हात धरला तर हात ढिला सोडला. अजून मला ते कळत नाही.

आता ती सोलापूरला बालगृहात आहे. समितीपुढं तारखा आहेत. बाप म्हणतो, ही बाई पोरगी पळवून घेऊन गेली. मी कंपनीत परत आले, काम सोडलं तर वकील विचारेल की पोरीला पोसणार कशावर.

ताई, एकच विचारते. दीड वर्ष आम्ही इथं आहोत. त्यांना गाव कळलं, कंपनी कळली, शाळा कळली. हे सांगितलं कुणी? माझी गोष्ट दोघींना माहीत. तुम्ही तर सांगणार नाही. मग राहिली बाळाबाई. तिचा भाचा हितेश टँकर घेऊन सोलापूरकडं जातो. मला असं मनात आणायचं नाही. पण दुसरं काही सुचत नाही. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही सांगा.

कमळा

*

पुणे,
३० ऑक्टोबर २०२४

प्रिय कमळाताई,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. जाई सुरक्षित आहे हे आधी मनाशी धरा. समितीतल्या मॅडम माझ्या ओळखीच्या आहेत. तुमच्या नोकरीचं पत्र, शाळेचा दाखला, सगळं श्रुती तयार करून देईल. पोर तुम्हालाच मिळेल.

कुणी सांगितलं, ह्याचा विचार आत्ता करू नका. त्यातून काही हाती लागत नाही. बाळाबाईंबद्दल मी काय बोलणार? त्या मनानं वाईट नाहीत. पण गावातली माणसं बोलायला बसली की कुठलं बोलायचं आणि कुठलं नाही ते राहत नाही. मुद्दाम केलं असेल असं नाही. हितेशच्या कानावर सहज काही गेलं असेल. यापुढे तिथं जरा जपून राहा, एवढंच म्हणेन.

तुमची
गीतांजली

*

तळोजा,
८ डिसेंबर २०२४

ताई,

तुम्ही लिहिलंत आणि माझा संशय पक्का झाला. मी बाळाबाईला विचारलं. एकटीत विचारायला हवं होतं. पण मी वर्गातच विचारलं, सगळ्या बायका बसलेल्या असताना. म्हणाले, "बाई, माझ्या जाईचं तुम्ही हितेशला सांगितलं. त्यानं तिकडं सांगितलं."

ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं. म्हणाली, "मी सांगला? तुजे पोरीचा? हितेशला तुजा गाव बी ठाव नाय."

मी म्हणाले, "मग कुणी सांगितलं?"

"मना काय ठाव? पन मी नाय."

"दोघींनाच माहीत होतं. एक ताई आणि एक तुम्ही."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "म्हंजे ताई शिकलेली, ती खरी. नि मी आंगठेवाली, मी खोटी. असाच ना?"

मी गप्प बसले, ताई. नाही म्हणाले नाही.

ती उठून आत गेली, दार लावलं. दुसऱ्या दिवशी मी खोली सोडली. आता नाल्याच्या पलीकडं चाळीत राहते, कलबुर्गीच्या बायकांच्या शेजारी. बाळाबाईनं पडवीला कुलूप घातलं. वर्ग बंद आहे. बायका म्हणतात, बरं झालं, असल्या घरात कशाला जायचं. हितेशची गाडी नाक्यावर दिसली की एकदोघी थुंकतात.

मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही.

कमळा

*

पुणे,
१९ डिसेंबर २०२४

प्रिय कमळाताई,

मन घट्ट करा. सध्या तुमची सगळी ताकद जाईसाठी लागणार आहे. जागेचं मी बघते, श्रुतीला समाजमंदिरात विचारायला सांगितलं आहे. झालं ते झालं, त्यावर आता पुन्हा बोलायला नको.

गीतांजली

*

तळोजा,
१६ फेब्रुवारी २०२५

जाई परत आली. समितीनं माझ्या हवाली केली. बापानं लिहून दिलं की अठरा वर्षांची होईपर्यंत लग्नाचं नाव काढणार नाही. हे तुम्हाला कळवणं माझं काम होतं, कळवलं.

आता दुसरं.

जाई आल्यापासून माझ्याशी बोलत नव्हती. जेवायची, शाळेत जायची, पाठ करून झोपायची. मला वाटलं धक्का बसला असेल. मग परवा मी तिला म्हणाले, "चल, वर्ग पुन्हा चालू होणार आहे, समाजमंदिरात. गीतांजलीताईंनी जागा केली." तर तिनं हातातली थाळी आपटली. म्हणाली, "परत त्यांना काय काय सांगणार आहेस?"

मी म्हणाले, "कुणाला?"

"त्यांनाच. आपलं सगळं सांगितलंस ना स्टेजवर बोलायला? मला विचारलं पण नाहीस."

मला काही कळेना. मग तिनं शेजारणीचा मोबाईल मागून आणला आणि मला दाखवलं.

पांढरी साडी नेसून तुम्ही स्टेजवर. मागं एवढा मोठा पडदा. तुम्ही म्हणताय, "तिचं नाव आपण सरिता ठेवू." मग मंगळवेढ्याकडचं आमचं गाव. नणंदेचा मुलगा. लग्नाची साडी. पहाटेची एसटी. तळोज्यातली कोळंबीची कंपनी, बर्फानं सुन्न झालेली बोटं. ते तर मी तुम्हाला पत्रात लिहिलं होतं. आणि पडद्यावर फोटो. मी पाठमोरी, पाटीवर वाकलेली. शेजारी जाई, शाळेच्या कपड्यात, अर्धं तोंड दिसतंय. खिशावर शाळेचं नाव.

तुम्ही शेवटी रडलात. छान रडलात. बघताना मलाही त्या सरिताची दया आली.

जाईच्या आत्यानं तो व्हिडिओ मोबाईलवर बघितला आणि पोरगी ओळखली. मग बाप आला. हळद लावायला बसवलं तेव्हा सगळ्या बायका तो व्हिडिओ लावून हसत होत्या, जाईला दाखवत होत्या, "ही बघ तुझ्या आईची मैत्रीण, तुमचं कसं छान सांगते." पोरीला वाटलं मीच सांगायला लावलं. टाळ्यांसाठी तिला विकली असं वाटलं तिला. म्हणून त्या दिवशी तिनं माझा हात धरला नाही.

मी तुम्हाला लिहिलं होतं. माझं तोंड नको आणि जाईचं तर अजिबात नको. ते पत्र पोचलं नव्हतं का?

कमळा

*

पुणे,
२६ फेब्रुवारी २०२५

कमळाताई,

पत्र पोचलं होतं.

मी काय लिहू? नाव बदललं होतं. तुमचा चेहरा दिसणारा फोटो मी काढून टाकला होता. जाई त्या कोपऱ्यात आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही, खरंच नाही. कार्यक्रम बंद सभागृहात होता. त्याचा व्हिडिओ असा मोबाईलवर फिरेल हे मला माहीत नव्हतं. तुमचा फोन आला त्या दिवशी मी सरांना सांगून तो काढून टाकायला लावला, पण तोवर लोकांनी पुढे पाठवला होता.

मी तुमचं भलं व्हावं म्हणूनच बोलले. त्या एका भाषणावर आज कितीतरी बायका शिकतायत. तुमची गोष्ट ऐकून लोक हलले, कारण ती खरी होती. मी दुसरं काही सांगितलं असतं तर कुणी हललं नसतं. याचा अर्थ मी बरोबर केलं असा नाही. मला फक्त तुम्ही समजून घ्यावं असं वाटतं.

एक विनंती आहे, रागावू नका. हे तिथल्या बायकांना आत्ता सांगू नका. बायका वर्गाला यायच्या बंद झाल्या तर संस्था तळोज्यातून हात काढून घेईल. त्यात नुकसान तुमचंच आहे. जाईच्या पुढच्या शिक्षणाची जबाबदारी मी घेते. मी स्वतः, संस्था नाही.

गीतांजली

*

तळोजा,
९ मार्च २०२५

गीतांजली मॅडम,

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. समजून घ्यावं असं त्यात पुष्कळ आहे. तुम्हाला टाळ्या हव्या होत्या, सर मागं लागले होते, फोटोत नजर चुकली. मी कंपनीत काम करते. साहेब मागं लागला की माणूस काय काय करतं ते मी बघते. एवढं असतं तर मी रडले असते, भांडले असते आणि कधीतरी विसरले असते.

पण माझा फोन आला त्याच दिवशी तुम्हाला कळलं होतं. तुम्हीच लिहिलंय. त्याच दिवशी व्हिडिओ काढून टाकायला लावला. त्यानंतर मी तुम्हाला विचारलं, कुणी सांगितलं. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही सांगा, असं लिहिलं होतं. तुम्ही उत्तर दिलंत की गावातल्या माणसांना बोलायचं भान राहत नाही. हितेशच्या कानावर गेलं असेल. जपून राहा.

हे लिहिताना तुमच्या मागं कोणता सर उभा होता?

माझी पोर नेली तेव्हा ती म्हातारी अनवाणी धावली. तिला मी चारचौघींत खोटी ठरवली, तुमच्या शब्दावर. मग मी तुम्हाला तेही कळवलं, तिनं दार लावलं, पडवीला कुलूप घातलं, बायका थुंकतात. तेव्हा तरी तुम्ही लिहायचं होतं. तुम्ही लिहिलंत, झालं ते झालं.

मी बाळाबाईकडं गेले होते. सगळं सांगितलं. तिनं दारातच ऐकलं. म्हणाली, "पोरीला धाड. तू येव नको." जाई जाते आता रोज संध्याकाळी. मी नाल्याच्या अलीकडं उभी राहते आणि अंधार पडायच्या आत तिला घेऊन येते.

जाईच्या शिक्षणाचं मी बघेन. मला तुमच्याकडून एकच पाहिजे. तिसाव्या तारखेला पाडवा आहे, रविवार, सगळ्यांना सुट्टी. तुम्ही इथं या. बाळाबाईच्या पडवीत बायकांसमोर उभं राहून सांगा, ह्या बाईनं कुणाला काही सांगितलं नाही, मी सांगितलं. तुम्हाला हजार लोकांसमोर बोलता येतं. ह्या तर बाराएक बायका आहेत. बाळाबाई कुलूप काढायला तयार झाली आहे. तिला म्हणाले, ताई येतील.

कमळा

*

पुणे,
२ एप्रिल २०२५

कमळाताई,

मी आले होते.

पाडव्याला सकाळी बेलापूरहून निघाले. आईला सांगितलं होतं की संध्याकाळपर्यंत येते. नाक्यावर रिक्षातून उतरले. तिथून पडवी दिसते, तुम्हाला माहीत आहे. कुलूप काढलेलं होतं. दारात रांगोळी होती. बाळाबाई नवं लुगडं नेसून पायरीवर बसल्या होत्या, गुढीखाली, आणि बायका यायला लागल्या होत्या. बाळाबाई त्यांच्याशी बोलत नव्हत्या. रस्त्याकडे बघत होत्या.

मी पानाच्या टपरीमागे उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही. काय बोलायचं ते घरून पाठ करून आले होते. तुम्ही जाईचा हात धरून आलात तेवढ्यात माझे पाय मागे वळले. रिक्षावाला अजून तिथेच होता.

मला स्वतःची लाज वाटते. तुम्ही मला काहीही म्हणा. तो दिवस मी परत आणू शकत नाही, पण पुन्हा एक तारीख द्या. मी येईन. नाहीतर मी सगळं लिहून पाठवते, सहीसकट, तुम्ही ते वाचून दाखवा.

तुमची
गीतांजली

*

तळोजा,
१३ एप्रिल २०२५

गीतांजली मॅडम,

तारीख देणार नाही. लिहूनही पाठवू नका. गरज राहिली नाही.

त्या दिवशी ऊन पडवीत आलं तरी आम्ही बसून होतो. बायकांना पाडव्याचं घरचं करायचं होतं, त्या चुळबुळ करायला लागल्या. बिहारची म्हणाली, "ताई नाही येत. बड्या लोकांचं असंच." बाळाबाईनं सगळ्यांसाठी तांदळाच्या भाकऱ्या करून ठेवल्या होत्या, टोपलीत, फडक्याखाली. तुम्हाला आवडतात म्हणून.

मग मी उठले. मला असं उभं राहून बोलायची सवय नाही. मी म्हणाले, माझा नवरा जिता आहे, मी विधवा नाही, तुम्हाला खोटं सांगितलं. माझी गोष्ट गीतांजलीताईंनी लोकांना सांगितली, त्याच्यावरून पोरीला नेलं. बाळाबाईनं कुणाला काही सांगितलं नाही. मी तिच्यावर आळ घेतला, तो खोटा होता. हितेशच्या गाडीवर ज्या थुंकल्या त्यांनी हितेशला जाऊन सांगावं. मी जाणारच आहे.

जाई माझ्याकडं बघत होती. मी बसले तेव्हा ती सरकून माझ्या जवळ आली, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. आली तेवढीच. बोलली नाही.

बाळाबाईनं टोपलीवरचं फडकं काढलं आणि एकेकीच्या हातावर भाकरी ठेवली. माझ्यापाशी आली तेव्हा थांबली. म्हणाली, "उचल हातान तुजे." वाढली नाही. मी उचलली. खोली तिनं दुसऱ्या कुणाला दिली आहे आणि ती मला परत मिळायची नाही. पण वर्ग पडवीतच भरतो. श्रुती मॅडमना सांगितलं, संस्थेचा फलक लावायचा नाही, फोटो काढायचा नाही. त्या म्हणाल्या, मग वरून परवानगी मिळणार नाही. आम्ही म्हणालो, नको. त्या आता रविवारी येतात, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या मनानं. अजून घड्याळ बघतात. बाकीचे दिवस जिला जे येतं ते ती शिकवते.

ही माझी पत्रं तुमच्याकडं आहेत. ती जाळा. जाळलीत का नाही ते मला कळणार नाही आणि तुम्ही सांगितलं तरी मी धरून चालणार नाही. पण माझं मी सांगितलं. कुठल्या स्टेजवर, कुठल्या पुस्तकात, नाव बदलून, न बदलून, कुठंच ती वाचायची नाहीत. लोक हलतील म्हणून नाही आणि कुणाचं भलं होईल म्हणूनही नाही.

तुमचं शेवटचं पत्र आलं तेव्हा मी पडवीतच होते. बाळाबाईनं विचारलं, "ताईचा हाय? काय लिवलाय? कनाला नाय आली ती?" तिला वाचता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. मी पत्र घडी करून ठेवलं आणि सांगितलं की तुम्ही त्या दिवशी पुण्याहून निघालाच नाहीत. तुम्ही टपरीमागं उभ्या होतात, तिथून तिला बघत होतात आणि लाजेनं परत गेलात असं सांगितलं असतं, तर ती म्हातारी हळहळली असती. म्हणाली असती, बिचारी पोर, उन्हातान्हात एवढी आली. तिला तुमची कीव आली असती.

ती मी तुम्हाला मिळू देणार नाही.

कमळा